नौरूने मोडलेल्या पाटल्या

काही दिवसांपूर्वी एका व्याख्यानमालेत ‘आयता पैसा आणि माणूस’ या विषयावर भाषण ऐकले. वक्ते वाचन असलेले होते, श्रोतेही मन लावून ऐकत होते. लॉटरीपासून वडिलोपार्जित इस्टेटीपर्यंत सगळे सांगून झाल्यावर शेवटची दहा मिनिटे त्यांनी नौरूला दिली. पॅसिफिक महासागरातले, विषुववृत्ताला जवळजवळ टेकलेले 21 चौरस किलोमीटरचे बेट. जमिनीत फॉस्फेट, म्हणजे खताचा कच्चा दगड, सापडले. सत्तरच्या दशकात दरडोई उत्पन्नात जगातल्या सर्वांत श्रीमंत देशांत गणना होऊ लागली. लोकांनी कामे सोडली, गाड्या घेतल्या, देशाने विमाने घेतली, फॉस्फेट संपले आणि सगळे भिकेला लागले. “थोडक्यात, हे गुंठामंत्र्यांचे राष्ट्र,” असे ते म्हणाले आणि सभागृह हसले. प्रश्नोत्तरांत एक तरुण उठला. हे सगळे साम्राज्यवाद्यांनी केले, तिथल्या लोकांचा यात काडीचा दोष नाही, असे तो तावातावाने सांगू लागला. पुढची वीस मिनिटे ‘आळशी की निष्पाप’ एवढ्याच मुद्द्यावर गेली.

हा वाद मी फोनवर फिरणाऱ्या मजकुरातही अनेकदा वाचला आहे आणि दर वेळी तो याच दोन खुंट्यांना बांधलेला असतो. मला दोन्ही बाजू चुकीच्या वाटतात, कारण दोघांनीही एक गोष्ट न तपासता मान्य केलेली असते: नौरू एके काळी श्रीमंत होता. माझे म्हणणे असे की नौरू श्रीमंत कधी झालाच नव्हता. त्याच्या नावावर जे उत्पन्न म्हणून मोजले गेले ते उत्पन्न नव्हते, तो पायाखालच्या जमिनीचा विक्रीचा पैसा होता. ही एक गोष्ट मान्य केली की ‘एवढा पैसा गेला कुठे’ हा प्रश्न मागे पडतो. त्याच्याआधी दुसरे दोन प्रश्न येतात. विकले काय, आणि भाव कोणी ठरवला?

माझे आजोबा रोजकीर्द लिहायचे. 1972 च्या दुष्काळात आजीच्या दोन पाटल्या मोडल्या, एक गाय विकली, पितळी हंडा गेला. पैसे तर हातात आले होते, पण आजोबांनी ते जमेच्या बाजूला धरले नाहीत. वहीच्या शेवटच्या पानावर ‘घरातून गेले’ असा मथळा आहे आणि त्याखाली या तीन ओळी आहेत. आजोबा चौथीपर्यंत शिकलेले. पण पाटल्या मोडून आलेले पैसे म्हणजे पगार नव्हे, हे त्यांना कळत होते. देशांचे हिशेब ठेवणाऱ्या मोठमोठ्या संस्थांच्या जीडीपीच्या रकान्याला मात्र हा फरक आजही कळत नाही. खाणीतून टन निघाला, बोटीत चढला, पैसे आले, की तो आकडा थेट जमेत जातो. डोंगर कमी झाला याची नोंद त्या रकान्यात होत नाही. मोठ्या देशात ही चूक झाकली जाते, कारण तिथे खाणीशेजारी शेती असते, कारखाने असतात, नद्या असतात. ज्याची अख्खी भूमी एका दिवसात पायी फिरून होते, त्या देशात हीच चूक म्हणजे सगळा हिशेब असतो.

आता भाव. अल्बर्ट एलिस नावाचा एक माणूस सिडनीतल्या पॅसिफिक आयलंड्स कंपनीच्या कचेरीत काम करत होता. तिथे दार अडवायला एक दगड ठेवलेला असे. नौरूहून आलेला, लाकूड दगड बनल्यासारखा दिसणारा. एलिसला शंका आली, त्याने तो तपासला आणि तो अतिशय कसदार फॉस्फेट निघाला. ही 1900 च्या आसपासची गोष्ट. 1888 पासून नौरूवर जर्मनीचा ताबा होता, त्यामुळे सौदा झाला तो जर्मन मालक आणि ब्रिटिश कंपनी यांच्यात. 1907 च्या सुमारास खाणकाम सुरू झाले. ज्यांची जमीन होती त्या कुटुंबांना टनामागे अर्धा पेनी मिळू लागला. त्यांच्याशी घासाघीस झाली नाही, कारण त्यांना विचारलेच नव्हते.

पहिल्या महायुद्धानंतर जर्मनी गेला. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी 1919 मध्ये आपसात करार करून फॉस्फेट वाटून घेतले: 42 टक्के, 42 टक्के आणि 16 टक्के. खाणकामासाठी ब्रिटिश फॉस्फेट कमिशनर्स ही यंत्रणा उभी राहिली. राष्ट्रसंघाने बेट या तिघांच्या ‘विश्वस्त’ ताब्यात दिले, आणि विश्वस्तांनी स्वतःसाठी नियम केला की फॉस्फेट आपल्या तिन्ही देशांतल्या शेतकऱ्यांना खर्चाच्या भावात द्यायचे. खर्चाच्या भावात म्हणजे खणायची मजुरी, यंत्रे, बोट आणि जमीनमालकाच्या हातावर ठेवायची चिल्लर. दगडाची स्वतःची किंमत त्यात जवळपास शून्य. आपल्याकडचा शेतकरी ज्याला सुपर फॉस्फेटची गोणी म्हणतो, ती अशाच दगडावर गंधकाम्लाची प्रक्रिया करून होते. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडची जमीन मुळात फॉस्फरसला गरीब. तिथली कुरणे, गव्हाची शेते आणि मेंढ्यांची लोकर या स्वस्त खतावर पोसली गेली. ती समृद्धी खरी होती आणि टिकली. तिला आजवर कोणी ‘आयता पैसा’ म्हटलेले मी ऐकले नाही.

मध्ये दुसरे महायुद्ध आले. 1942 मध्ये जपानने बेट घेतले आणि 1,200 नौरूवासीयांना मजूर म्हणून बोटींत कोंबून दूर ट्रुक बेटांवर नेले. उपासमार, मारझोड, बाँबफेक यांतून वाचून 31 जानेवारी 1946 रोजी परत उतरले ते 737. बावीस वर्षांनी नौरू स्वतंत्र झाला तेव्हा त्यांनी तारीख निवडली ती हीच, 31 जानेवारी. हे मी सहानुभूती मिळवण्यासाठी सांगत नाही. नव्या देशाला हिशेबनीस, वकील, अभियंते का नव्हते, या प्रश्नाचे अर्धे उत्तर या दोन आकड्यांतल्या फरकात आहे. उरलेले अर्धे उत्तर असे की ज्या यंत्रणांनी साठ वर्षे दगड नेला, त्यांना नौरूच्या मुलांना व्यवस्थापक करण्याची गरज कधी वाटली नव्हती.

1968 मध्ये सत्ता हातात आली तेव्हा बेटावरच्या फॉस्फेटच्या जमिनीचा सुमारे एक तृतीयांश भाग खणून संपला होता. खणलेला भाग म्हणजे काय हे डोळ्यांसमोर आणले पाहिजे. फॉस्फेट चुनखडीच्या सुळक्यांच्या मधल्या खाचांत भरलेले असते. ते काढून घेतले की माणसाच्या डोक्यावरून जाणारे राखाडी सुळके दाटीने उभे राहतात. तिथे पीक येत नाही, घर बांधता येत नाही, नीट चालतासुद्धा येत नाही. वस्तीला उरते ती किनाऱ्याची अरुंद पट्टी आणि बुआडा नावाच्या तळ्याभोवतीची थोडी जमीन. ऑस्ट्रेलियाला हे दिसत होते. म्हणूनच 1964 च्या सुमारास तुम्ही सगळे क्वीन्सलंडजवळच्या कर्टिस बेटावर राहायला चला, असा प्रस्ताव आला होता. नागरिकत्व मिळणार होते, वेगळे राष्ट्र म्हणून अस्तित्व मात्र उरणार नव्हते. हॅमर डीरोबर्ट यांच्या नेतृत्वाखाली नौरूने तो नाकारला. पुढे स्वतःच्याच जमिनीवरची यंत्रे, धक्के आणि रूळ त्यांनी कमिशनर्सकडून सुमारे 2 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर मोजून विकत घेतले. पैसे अर्थात फॉस्फेटचेच.

इथवर तो तरुण माझ्याशी सहमत होईल. आता वक्त्यांच्या बाजूचे जे खरे आहे ते पूर्ण मान्य केले पाहिजे, आणि ते थोडे नाही. उरलेल्या दोन तृतीयांश भागाचे खाणकाम स्वतंत्र नौरूने केले. 1973-74 मध्ये मोरोक्कोने भाव तिपटीहून अधिक वाढवले आणि जगभर फॉस्फेटला सोन्याचे दिवस आले, तेव्हा पैसे नौरूच्याच हातात येत होते. कोणी बंदूक लावलेली नव्हती. खणण्याचा वेग कमी करता आला असता. मेलबर्नमध्ये 52 मजली नौरू हाउस 1977 मध्ये उभे राहिले. त्यातून भाडे तरी येत होते. पण एअर नौरूची विमाने रिकाम्या खुर्च्या घेऊन समुद्रावरून उडत राहिली आणि दर वर्षी तोटा होत गेला. 1993 मध्ये लंडनच्या एका संगीतिकेत देशाचा पैसा घातला गेला आणि ती काही आठवड्यांत बंद पडली. विश्वस्त निधी एके काळी एक अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर होता. त्याचे हिशेब जनतेसमोर वेळेवर येत नव्हते. सल्लागार म्हणून आलेल्या लोकांनी लुटले हे खरे, पण त्यांना दार उघडणारे नौरूचेच मंत्री होते. कर्ज काढून तूट भरत राहण्याचा निर्णयही त्यांचाच. 2004 मध्ये धनकोंनी नौरू हाउससकट मालमत्ता ताब्यात घेतली. 2005 च्या डिसेंबरात शेवटचे विमानही गेले. या सगळ्याचे खापर लंडन-कॅनबेरावर फोडणे म्हणजे नौरूच्या माणसांना मूल समजणे आहे. साम्राज्याने त्यांना नेमके तसेच समजले होते. त्यामुळे ‘निष्पाप’वाल्यांचा युक्तिवाद मला प्रेमळ वाटतो, पण मानाचा वाटत नाही.

मग ‘उधळले’ हा निष्कर्ष बरोबरच नाही का? नाही. त्यात एक गैरसोयीची वस्तुस्थिती गाळलेली असते. नौरूने उद्याचा विचार केलाच नाही, हे साफ खोटे आहे. फॉस्फेट संपणार, तेव्हा खायला काय आणि ही जमीन पुन्हा राहण्याजोगी करायला पैसा कुठून, याच विचाराने त्यांनी निधी उभारले होते. एक अब्जाचा आकडा काय आकाशातून पडला? तो बचतीतूनच आला होता. म्हणजे वहीचे शेवटचे पान नौरूकडे होते. नव्हते ते त्या पानावर पहारा ठेवणारे लोक. स्वातंत्र्याच्या वेळी मूळ नौरूवासी होते जेमतेम तीन हजार. आपल्याकडचे एखादे मध्यम गाव. त्या गावाने राष्ट्रपती, मंत्रिमंडळ, न्यायालय, विमान कंपनी, बोटी, परराष्ट्र धोरण आणि अनेक देशांत पसरलेली गुंतवणूक सांभाळायची. मंत्र्याचा हिशेब तपासणारा त्याचा मेहुणा, मेहुण्याविरुद्ध बातमी देणारा त्याचा शेजारी. विरोधी पक्ष म्हणजे चार घरे पलीकडचे भावबंद. अशा ठिकाणी चोख लेखापरीक्षण हवे असेल तर त्याची रचना आधीपासून, बाहेरच्या कोणावर तरी कायद्याने बंधन घालून करावी लागते. जवळपास पन्नास वर्षांचे ‘विश्वस्त’ जाताना ती करून गेले का?

इथे नेहमी नॉर्वेचे उदाहरण फेकले जाते. तेल सापडले आणि त्यांनी निधी केला, बघा शहाणे लोक! पण तेल सापडले तेव्हा नॉर्वेत चाळीस लाखांच्या आसपास लोक होते, विद्यापीठे होती, दीडशे वर्षांची संसद होती, निर्भीड वर्तमानपत्रे होती. निधीचा कायदा 1990 चा आणि पहिली भर पडली ती 1996 मध्ये. मुख्य म्हणजे तेल काढायचे परवाने आणि त्यावरचा कर ते पहिल्या दिवसापासून स्वतः ठरवत होते. समुद्राखालचे तेल काढल्याने ओस्लोत राहायला जागा कमी झाली नाही. हे दोन देश एका ओळीत ठेवणे म्हणजे पाटबंधारा आणि विहीर यांची तुलना करून विहिरीला बेजबाबदार ठरवणे.

थोडे जवळचे उदाहरण किरिबाटीचे, आणि ते जास्त अवघड आहे. फॉस्फेटचाच पैसा, तशीच छोटी बेटे. पण 1956 मध्ये तिथे राखीव निधी उभा राहिला, तो टिकला आणि आज तो एक अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर आहे. म्हणजे जमते! मीही हे उदाहरण बरीच वर्षे देत होतो. मग त्या पैशाचा उगम पाहिला. तो आला बनाबा या एका बेटावरून. नौरूपासून सुमारे 300 किलोमीटरवर असलेले, तेच कमिशनर्स खणत असलेले बेट. बनाबाच्या लोकांना 1945 मध्ये फिजीतल्या राबी बेटावर नेऊन वसवण्यात आले आणि त्यांचे घर खणले जात राहिले. त्यांनी लंडनच्या न्यायालयात वर्षानुवर्षे खटला लढवला. 1976 च्या निकालात न्यायाधीशांनी त्यांच्यावर अन्याय झाल्याचे शब्दांत मान्य केले, पदरात कायदेशीर असे फार थोडे पडले. 1979 मध्ये फॉस्फेट संपले, त्याच वर्षी किरिबाटी स्वतंत्र झाला आणि निधी त्याला मिळाला. म्हणजे ज्याला आपण बचतीचा आदर्श म्हणतो, त्यात जमीन गेली एकाची आणि गाठीला राहिले दुसऱ्याच्या. किरिबाटीच्या सरकारने तो निधी सांभाळला, याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. पण ‘बघा, काटकसर केली की होते’ हे बनाबाच्या माणसासमोर उभे राहून म्हणता येईल का?

आणि गुंठामंत्री या शब्दाबद्दल. तो शब्द आपण पुण्याच्या, पनवेलच्या भोवतालच्या शेतकऱ्यासाठी घडवला. जमीन विकली, गळ्यात साखळी, दारात गाडी, दहा वर्षांत हात रिकामे. असे झालेले मीही पाहिले आहे, कुटुंबे मोडलेली पाहिली आहेत. पण त्या एकराला शेतकऱ्याला काय भाव मिळाला आणि बिगरशेती झाल्यावर त्याच एकरावरच्या सदनिकांतून किती निघाले, हे गणित त्या विनोदात कधीच येत नाही. घेणाऱ्याच्या गाडीला आपण कर्तृत्व म्हणतो, विकणाऱ्याच्या गाडीला माज. त्या संध्याकाळी सभागृह हसले तेव्हा माझ्या शेजारी बसलेले एक गृहस्थ हसले नाहीत. नंतर चहाच्या वेळी ते म्हणाले, “आमची बारा गुंठे गेली. आम्ही गाडी नाही घेतली हो. तरी आज काही राहिलं नाही.” काटकसरीने खाल्लेल्या पाटल्याही शेवटी संपतातच.

खजिना फक्त काळ्या किंवा गरीब लोकांना पचत नाही, असेही नाही. एकोणिसाव्या शतकात पेरूने चिंचा बेटांवरची पक्ष्यांची विष्ठा, म्हणजे ग्वानो, युरोपला विकली. साधारण 1840 ते 1870 या काळात सरकारी तिजोरी त्यावर चालली. लिमातले राज्यकर्ते युरोपीय वंशाचे, शिकलेले, लंडनच्या बाजारात पत असलेले. त्यांनी पुढच्या ग्वानोवर आधीच कर्जे काढली, रेल्वे बांधल्या, आणि 1876 मध्ये देश कर्जफेड थांबवून बसला. शंभर वर्षांनी नौरूने जवळपास त्याच चुका केल्या. स्वभाव, वंश, हवामान सगळे वेगळे. सारखे काय होते? एकच जिन्नस, तो संपणारा, आणि त्याच्या विक्रीला उत्पन्न समजणारी वही.

‘रडत बसले’ असा आरोप करणाऱ्यांना 1989 चा खटला सांगायला हवा. नौरूने आधी श्रीलंकेचे कायदेपंडित ख्रिस्तोफर वीरमंत्री यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. खणून ओसाड केलेली जमीन पूर्ववत करण्याची जबाबदारी विश्वस्तांची होती, हे मांडून हा चिमुकला देश हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात ऑस्ट्रेलियाविरुद्ध गेला. 1992 मध्ये न्यायालयाने ऑस्ट्रेलियाचे महत्त्वाचे प्राथमिक आक्षेप फेटाळले आणि खटला पुढे चालणार हे स्पष्ट झाले. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियाने तडजोड करून 10 कोटी 70 लाख ऑस्ट्रेलियन डॉलर कबूल केले, त्यात ब्रिटन आणि न्यूझीलंडनेही वाटा उचलला. भरपाई मागण्यात भीक नसते. मालकाने आपला हिशेब उशिरा का होईना मांडला, एवढाच त्याचा अर्थ.

पण नौरूच्या ‘वाढी’चा मला सर्वांत अस्वस्थ करणारा काळ फॉस्फेटचा नाही, त्यानंतरचा आहे. नव्वदच्या दशकात तिजोरी आटली तेव्हा देशाने विकायला काढले ते स्वतःचे सार्वभौमत्व. कागदावरच्या शेकडो बँकांना परवाने मिळाले आणि रशियन काळा पैसा त्यांतून वाहिला. मग 2001 मध्ये ‘टँपा’ जहाजाने समुद्रातून वाचवलेले आश्रयार्थी ऑस्ट्रेलियाला आपल्या किनाऱ्यावर नको होते. त्यांना ठेवायला जागा दिली नौरूने, पैशाच्या बदल्यात. 2008 मध्ये बंद झालेली छावणी 2012 मध्ये पुन्हा उघडली. त्यानंतरच्या काही वर्षांत नौरूचा वाढीचा दर दोन आकडी झाला. तक्त्यात पाहिले तर कौतुक वाटावे असा आकडा. तो कशाचा होता? कुंपणाआड अनिश्चित काळ ठेवलेल्या बायका-मुलांचा. खणायला जमीन उरली नाही तेव्हा दुसऱ्या देशाची अडचण साठवायला जागा भाड्याने दिली. परक्याची गरज संपली की हे उत्पन्नही संपते, फॉस्फेटसारखेच. जीडीपीच्या रकान्याला याही वेळी काही खटकले नाही.

यावर कोणी विचारेल, आणि विचारायलाच हवे: मग एवढ्याशा देशाने खायचे काय? शेती नाही, बाजारपेठ नाही, दुसऱ्या देशाशी जोडणारा रस्ता नाही. तांदळापासून डब्यातल्या मांसापर्यंत सगळे बोटीने येते, आणि त्याच आयात अन्नाने मधुमेह घरोघरी पोहोचवला आहे. अशा देशाला निवडीचा उपदेश करणे सोपे असते. हा आक्षेप सर्वांत भक्कम आहे. त्याचे उत्तर मला पुस्तकी अर्थशास्त्रात मिळाले नाही, ट्यूना माशात मिळाले. 1982 मध्ये पॅसिफिकमधल्या काही छोट्या देशांनी एक करार केला, त्याचे नावच नौरू करार. जगातल्या ट्यूनाचा फार मोठा वाटा या देशांच्या समुद्रात पकडला जातो. पण परदेशी जहाजे प्रत्येक देशाशी वेगवेगळा सौदा करून माशांच्या किमतीच्या मानाने चिल्लर देत. टनामागच्या अर्ध्या पेनीचीच ही दुसरी आवृत्ती. 2007 पासून या देशांनी मासेमारीचे दिवस मोजायला सुरुवात केली. वर्षाला एकूण इतकेच दिवस, ते देशांत वाटलेले, आणि एका दिवसाचा किमान दर सगळ्यांचा एकच. पुढे तो दिवसाला 8,000 अमेरिकन डॉलर ठरला. 2010 च्या सुमारास सगळ्यांचे मिळून वर्षाला 6 कोटी डॉलरच्या आसपास येत होते, ते दहा वर्षांत 50 कोटींच्या जवळ गेले. मासे तेच होते आणि समुद्रही तोच होता. भाव ठरवणारा बदलला. शिवाय दिवसांना मर्यादा असल्याने समुद्र रिकामा करण्याची घाई नाही. ही वाढ आजोबांनी निःशंक जमेत लिहिली असती.

ही लांबच्या बेटाची कथा नाही, हे गोव्याच्या वाचकाला वेगळे सांगायला नको. डिचोली-सांगे पट्ट्यातली लोहखनिजाची ट्रकांची रांग, लाल धूळ बसलेली केळीची पाने आणि शेतात उतरलेला गाळ ज्यांनी पाहिला आहे, त्यांनी नौरूचा पठारी भाग अर्धा पाहिला आहे. 2014 च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्याच्या खनिज विक्रीतला दहा टक्के वाटा कायम निधीत ठेवायचा आदेश दिला, पुढच्या पिढ्यांसाठी. भारतात खनिजाकडे मोडलेली पाटली म्हणून पाहण्याचा हा दुर्मीळ प्रसंग. दहाच टक्के का, उरलेले नव्वद कोणाचे, हा वाद गोव्यात जोरात व्हायला हवा होता. आपण नौरूला हसण्यात जेवढा वेळ घालवतो, तेवढा तरी.

फॉस्फेटच्या आधी नौरूत लोक जगत कसे होते, हेही या वादात कोणी विचारत नाही. किनाऱ्यावरच्या खडकांतून इबिजा नावाच्या माशाची बोटभर पिल्ले पकडायची, खाऱ्या पाण्यातून हळूहळू गोड पाण्याची सवय लावायची आणि बुआडाच्या तळ्यात सोडून वाढवायची. कुठल्या कुटुंबाचा तळ्यातला कोणता भाग, हे ठरलेले. नारळ, केवड्याच्या जातीतला पँडॅनस आणि हे मासे. ज्या लोकांना ‘आळशी’ म्हणतो त्यांनी पिल्लू आज खायचे नाही, वाढल्यावर खायचे, हा नियम पिढ्यानपिढ्या पाळला होता.

2015 मध्ये नौरूने नवा निधी उभारला. या वेळी व्यवस्थापनात ऑस्ट्रेलिया, तैवान आणि आशियाई विकास बँक यांचे प्रतिनिधी होते, आणि ठरावीक वर्षांपर्यंत मूळ रकमेला हात लावायची मुभा नाही. पहाऱ्याची जी उणीव पहिल्या निधीला नडली, ती ओळखून केलेली ही रचना आहे. दुसरीकडे 2025 पासून देश आपले नागरिकत्वही विकतो आहे, सुरुवातीचा दर किमान 1,05,000 अमेरिकन डॉलर होता. कारण समुद्र चढतो आहे आणि किनाऱ्याच्या पट्टीवर राहणाऱ्या बहुतेक सगळ्या लोकांना उंच जागी हलवायचे आहे. बेटावर उंच जागा एकच, मधले पठार. म्हणजे ज्या सुळक्यांच्या रानातून शंभर वर्षे दगड नेला, ते फोडून, सपाट करून, वर माती घालून तिथे आता घरे उभी करायची आहेत. माती बाहेरून आणावी लागेल. पासपोर्टच्या त्या पैशांची नोंद जमेत होते की शेवटच्या पानावर, हे नौरूच्या पुढच्या अर्थसंकल्पांत मी शोधणार आहे.